गुडघ्याचं चूर्ण

चिखलणी उरकली तरी गेनबा खाचरातनं वर यायला तयार नव्हता.

आषाढ कोसळत होता. राजगड ढगात पार बुडाला होता, ओढे तांबडेलाल होऊन धावत होते, आणि सत्तरी ओलांडलेला हा गडी पावर टिलरच्या मागं असा नाचत होता, जसं काही यंदाच मिसरूड फुटलंय. लावणीला आलेल्या बाया वाकल्या जागी थांबून बघायला लागल्या.

"रतनकाकू, काय चारता वो काकास्नी?" एकीनं विचारलं.

"मी काय चारतीया? त्येच मला खायाला उठल्यात," रतनबाई म्हणाली आणि बाया खदखदल्या.

रतनबाईही हसली, पण ते हसू ओठावरच राहिलं. शिमग्यापर्यंत हाच माणूस परसाकडं जायला तिचा खांदा धरत होता. गुडघे असे आखडलेले, की बसला तर उठवावा लागायचा आणि उठला तर बसवावा लागायचा. मग एक दिवस तिचा भाचा अमृत कामथडीवरनं आला. भावाचा थोरला. हायवेला टेम्पो चालवायचा, आणि टेम्पोबरोबर शहरातल्या कुणा पार्टीची एजन्सीही घेतली होती. 'गुडघाविजय चूर्ण'. बाटलीवर जटावाल्या ऋषीचं चित्र.

"मामा, निस्ता झाडपाला हाय," अमृत म्हणाला होता. "शंभर टक्के आयुर्वेदिक. साईड इफेक्ट न्हाई का काय न्हाई. माझ्या आईलाबी मीच देतोय."

आठवडा भरायच्या आत गेनबा काठी न घेता पारावर जाऊन बसला. मग काय, सगळ्या खोऱ्यात बोलबाला. जो तो अमृतच्या टेम्पोची वाट बघायला लागला. ज्यांचे गुडघे धड होते त्यांनीही पुढंमागं लागंल म्हणून बाटली घेऊन ठेवली. उतावळ्या नवऱ्यांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं म्हणतात, तसली गत.

पण रतनबाईच्या मनात किडा वळवळत होता. गेनबाचं तोंड फुगून टपोरं गोल झालं होतं. भाकऱ्यांची चवड बघता बघता संपायची. कोंबडं आरवायच्या आत उठून गोठा झाडत बसायचा आणि दारात कुणी बोललं तरी अंगावर जायचा. हाताला जरा काही लागलं, की निळा डाग. गाव म्हणायचं, गेनबा तरणा झाला. तिला ते तेज अळंबीगत वाटायचं. एका रात्रीत उगवलेलं, कधी बसंल त्याचा नेम नाही.

आणि ते बसलंच. शहरातनं माल येईना. अमृत फोनवर म्हणायचा, "आज येतोय आत्या, उद्या येतोय." बाटली तळाला गेली, मग रिकामी झाली. गेनबाचं खाणं एकदम तुटलं. खाट सोडायला जीव येईना. तरी हट्टानं बांध बघायला म्हणून गेला आणि तिथंच ओकून आडवा झाला. अंग गार, घामानं थबथबलेलं. शेजारच्या गोरखनं त्याला जीपमध्ये घातलं आणि पावसातनं तडक भोर गाठलं.

दवाखाना डॉक्टर नुजहतचा. भोरातच वाढलेली बाई, बोलायला मोकळी. तिनं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "बाबा, औषध कुठलं चालू होतं?"

"न्हाई वो. म्या औषध घेत न्हाई," गेनबा डोळे मिटूनच पुटपुटला. "झाडपाला घेतो निस्ता."

रतनबाईनं पिशवीतनं रिकामी बाटली काढली. डॉक्टरीणबाईनं ती उलटीपालटी केली. "कारखान्याचा पत्ता नाही. परवान्याचा नंबर नाही. आत काय काय घातलंय तेही नाही. नुसता ऋषी." तिनं मान हलवली. "आयुर्वेदाच्या औषधालाही परवाना लागतो, मावशी. लेबलावर सगळं छापावं लागतं. तपासल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण यांचं तोंड आणि हातावरचे डाग बघता ह्यात स्टिरॉईड मिसळलेलं असणार."

"म्हंजी इख?"

"विष नाही, औषधच आहे. पण मापात द्यायचं. असं बघा, घरची म्हैस दूध देतेय आणि रोज दारात कुणीतरी फुकटचं दूध ओततंय. तुम्ही म्हशीकडं लक्ष द्याल? ती आटणार. शरीराचं तसंच असतं. जे ते स्वतः करत होतं, ते त्यानं करायचं सोडलं. आणि एक दिवस बाहेरचं दूधही बंद झालं. म्हणून हे पडले. आता मी हेच औषध गोळीतनं देणार आणि हळूहळू कमी करत नेणार."

गेनबानं एक डोळा उघडला. "म्हंजी तुमीबी त्येच देणार? मग त्या पोराचं काय चुकलं?"

"मला माहीत आहे मी किती देतेय, बाबा. त्याला माहीत होतं का?"

गेनबानं डोळा परत मिटून घेतला.

संध्याकाळी अमृत धापा टाकत आला. हातात नवी कोरी बाटली. "मामा, माल आला बगा! आता दोन दिसांत पळायला लावतो—"

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. रतनबाईनं त्याला व्हरांड्यात ओढला आणि सगळं सुनावलं. पोरगं पांढरंफटक पडलं. ते लबाड नव्हतं, भाबडं होतं, आणि भाबडेपणानं त्यानं सगळं खोरं कामाला लावलं होतं.

"आत्या, आईची शपत, मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "सगळा माल आत्ताच नीरेत टाकून देतो. फोन बंद करतो. कुणाला कायबी सांगू नगं."

"आन् मग?" रतनबाईनं कमरेवर हात ठेवले. "त्यांच्या बाटल्या संपल्या की तुझे सगळे म्हातारे ह्यांच्यावानी बांधावर आडवे होणार. तुझी आय सुदिक! टाकून सुटणार हाईस व्हय रं? ज्या दारात इकलंस, त्या दारात जायचं आन् एकेकाला उचलून हितं आणायचं."

"मला मारतील ती लोकं."

"मारू द्यात. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी गेनबाजवळ गोरखला बसवून ती टेम्पोत पुढं बसली. पहिली गाडी कामथडीला लावली आणि भावजयीला हाताला धरून आत घातलं. ती गपगुमान चढली. बाकीच्यांनी मात्र दम काढला. कुणी म्हणालं, गेनबाला बाधलं म्हणून आम्ही का सोडायचं? कुणी दाराला आतनं कडी घातली. सगळ्यात वस्ताद निघाला सावळाराम. बाटली धोतरात खोचून तो अंगणात उभा राहिला.

"धा वर्सांनी म्या डोंगर चढलो, रतनबाई! आन् तू मला परत खाटंवर टाकाया आलीस?"

"खाटंवरच टाकतीया," रतनबाई म्हणाली. "ताटीवर बांधून मसणात धाडाय नगं म्हणून. भावजी, आरशात तोंड बगितलंय का? कलिंगड झालंय कलिंगड! बाटली फेकू नगा, आजचा चमचाबी चुकवू नगा. पर गाडीत बसा. डॉक्टरीणबाईनं बगितलं आन् म्हणाली झकास हाय, तर मी माझ्या डोक्यावर बसवून माघारी आणीन तुमास्नी."

सावळारामानं जरा विचार केला. बाटली आणखी खोल खोचली आणि शिव्या देत देत टेम्पोत चढला.

असं करत दुपारपर्यंत टेम्पो भरला. ताडपत्रीखाली बसलेली सगळी गोल गोल तोंडं, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. भोरात टेम्पोचं फाळकं खाली पडलं आणि एकेक जण उतरायला लागला, तशी दवाखान्याच्या पायरीवर आलेली डॉक्टरीणबाई बघतच राहिली.

"या अल्ला! मावशी, ही सगळी ह्याच चूर्णाची?"

"ह्यो पयला टेम्पो हाय," रतनबाई म्हणाली. "अजून वेल्ह्याकडची ऱ्हायल्यात."

रांग रस्त्यापर्यंत गेली. कुणाची साखर वाढलेली निघाली, कुणाचं ब्लडप्रेशर. सावळारामाला तर दवाखान्यातच ठेवून घेतला. बाईनं सगळ्यांना ज्याची त्याची गोळी लिहून दिली आणि ती मनानं बंद करायची नाही म्हणून दहादा बजावलं. पुण्याला फोनही तिनंच लावला.

औषध प्रशासनाचे साहेब आले, अमृतचा माल सील करून घेऊन गेले. माल कुठनं आणला, कुणी दिला, सगळं अमृतनं न लपवता सांगितलं. पुढं तपासणीत चूर्णातनं स्टिरॉईड निघालं, वर दुखण्याच्या गोळ्यांची भुकटीही निघाली. झाडपाला म्हणावा तर चवीपुरता. पार्टी पसार झाली होती. सापडली तेव्हा त्याच बाटल्यांवर नवं लेबल चिकटवत बसली होती. ह्या खेपेला ऋषीच्या जागी हत्ती होता. अमृतला साक्षीसाठी तारखा लागल्या. टेम्पो लावून, दिवस बुडवून तो मुकाट जायचा.

भात पोटरीला आलं तोवर गेनबाचं तोंड उतरून मूळच्या हाडांवर आलं होतं. गोळीही चिमूटभरावर आली होती. आणि गुडघे पहिल्यासारखे ठणकायला लागले होते. एका संध्याकाळी तो ओटीवर पाय पसरून बसला आणि रतनबाई शेगडीवर तवा ठेवून वाळूच्या पुरचुंडीनं शेकायला लागली.

"मेलो गं!" गेनबा कळवळला. "त्या चुरणात गुण व्हता, तू काय बी म्हण. वाघावानी पळत हुतो मी."

"पळत हुता, पर तुमी न्हवता त्यो. घरात कुणी परका गडी शिरल्यावानी झालं हुतं मला."

"आन् आता?"

रतनबाईनं पुरचुंडी तव्यावर फिरवली आणि दुसऱ्या गुडघ्यावर अशी दाबली, की म्हाताऱ्यानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटची शिवी संपेस्तोवर तिनं समाधानानं ऐकून घेतली.

"आता तुमी वळखू आलात," ती म्हणाली. "हलवू नगा पाय."