चुकलं असेल तर सांगा

कंपनीचे निवेदन असे होते : ‘वैमानिकांशी चाललेली बोलणी सौहार्दपूर्ण वातावरणात होत असून त्यांत लक्षणीय प्रगती झाली आहे.’

या वाक्यातला एकच शब्द खरा होता, तो म्हणजे ‘वैमानिक’. सौहार्द म्हणजे बैठकीच्या खोलीतला गरम चहा आणि थंड हवा. प्रगती म्हणजे मसुद्यातले ‘विचार करू’ खोडून तिथे ‘सकारात्मक विचार करू’ घातले गेले होते. आणि बोलणी? बोलत होते ते वैमानिक. समोरची बाजू टिपणे काढून ती ‘वर’ कळवण्याचे आश्वासन देत होती. हे ‘वर’ नेमके कुठे असते, ते आकाशात आयुष्य घालवलेल्या माणसांनाही सापडले नव्हते.

संघटनेच्या वतीने बोलणाऱ्या कॅप्टनने हे निवेदन न्याहारीच्या वेळी नवऱ्याला वाचून दाखवले.

“तुमची विमानं बरी वेळेवर उतरतात,” नवरा म्हणाला. “बोलणी तेवढी घिरट्या घालतायत. इंधन संपायच्या आत उतरव बाई.”

इंधन खरोखरच संपत आले होते. घोडे अडले होते एकाच कलमावर : दोन उड्डाणांच्या मध्ये पुरेशी झोप, आणि ऐन वेळी फोन करून ती मोडायची नाही. गेल्या हिवाळ्यात, धावपट्टी समोर दिसत असताना, कॅप्टनचा क्षणभर डोळा लागला होता. सहवैमानिकाने हाक मारली म्हणून निभावले; प्रवाशांनी उतरताना नेहमीसारखे हसून आभार मानले. ते आभार तिला अजून पचले नव्हते. आजही हात हलवीत परत यावे लागले, तर उडणे सोडायचे, असे तिने घरी सांगून टाकले होते.

बैठकीत टेबलापलीकडे, कंपनीच्या बाजूला, मास्तर बसले होते. आता उड्डाण विभागाचे संचालक. पण तिला विमान चालवायला शिकवले ते त्यांनीच. जमिनीवरून आलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, आणि त्यात चूक असेल तर सूचना देणाऱ्याने ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हा त्यांचा पहिला धडा. चुकीचे ऐकून जो गप्प बसला त्यानेच विमान पाडले, असे ते बजावीत. हा धडा इतका तिच्या हाडीमाशी खिळला होता की नवऱ्याने दूध आणायला सांगितले तरी ती ते परत म्हणून दाखवी.

मास्तरांनी सुरुवात केली. कंपनीला काळजी होती, मागणी अभ्यासाधीन होती, योग्य स्तरावर योग्य वेळी योग्य ते होणार होते. कॅप्टनशेजारचा सहवैमानिक पुटपुटला, की ढगात शिरल्यावरसुद्धा याहून जास्त दिसते. कॅप्टन हसली नाही. तिचा संताप केव्हाच निवून कामाचा झाला होता.

“सर, परत म्हणून दाखवते,” ती म्हणाली. “चुकलं असेल तर सांगा.”

मास्तर सावरून बसले.

“झोपेच्या कलमाचा निर्णय घ्यायचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे. दमलेल्या माणसाने विमान चालवलं तरी चालतं, असं तुमचं स्वतःचं मत आहे. म्हणून तुम्ही सही करत नाही.”

कंपनीच्या वकिलांनी मास्तरांच्या बाहीवर हात ठेवला. गप्प बसणे सोपे होते, आणि खुर्चीच्या दृष्टीने शहाणपणाचेही. पण मास्तरांचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला गेला, जणू विमानातल्या रेडिओवर बोलण्याचे बटण तिथेच होते. ते बोलले. वकील म्हणाले, हे नोंदीत नको. मास्तर म्हणाले, घ्या.

वकील फोन घेऊन बाहेर धावले, आणि दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी प्रथमच कंपनीचे अध्यक्ष स्वतः येऊन बसले. झोपेचे कलम त्यांनी सर्वांत आधी उघडले. दुपारपर्यंत त्यातली निम्मी वाक्ये दोन्ही बाजूंना मान्य झाली होती. कॅप्टनने नवऱ्याला कळवले, की धावपट्टी दिसू लागली आहे आणि आपण टक्क जाग्या आहोत.

कंपनीने त्या दिवशी कसलेही निवेदन काढले नाही. आदल्या दिवशीच्या नोंदीत मात्र मास्तरांचे म्हणणे, त्यांच्याच आग्रहावरून, शब्दही न बदलता उतरले आहे :

“चूक. अधिकार मला नाही, पहिल्या बैठकीपासूनच नव्हता. तुम्हाला नुसतं बोलत ठेवायचं, एवढंच मला सांगितलं होतं, आणि मी ते केलं. दमलेल्या माणसाने विमानाला हात लावू नये, हे तुला मीच शिकवलंय. आता परत म्हण.”