इथे संघटना नाही

तातडीच्या मदतीचा अर्ज, आणि त्यात पहिलाच प्रश्न काय असावा? ‘आपल्या संस्थेची पुढील पाच वर्षांची दृष्टी थोडक्यात सांगा.’ मी म्हटलं, बाई गं, आमची दृष्टी शनिवारपर्यंतची आहे. शनिवारी घराघरांतलं पीठ संपतंय. दुसरं काही सुचेना, म्हणून त्या रकान्यात मी खरं तेच लिहून टाकलं: ‘आम्ही धुलाईच्या कारखान्यातल्या बायका. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुतो. आमच्यातल्या एकीने हातमोजे मागितले म्हणून तिला काढलं, म्हणून आम्ही सगळ्या काम टाकून बाहेर आलो. घरात खायला असेल तर टिकू, नाहीतर मोडू.’ आणि दिलं पाठवून. अशा छोट्या छोट्या गटांना अडीअडचणीला हात देणारा एक निधी आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. हात देतात की हात दाखवतात, ते बघायचं होतं.

ती काढलेली एक म्हणजे आमची टकळी. माझ्या धाकट्या भावाची बायको, एकाच घरात राहतो आम्ही. तोंडाला कुलूप म्हणून नाही. झोपेतसुद्धा बडबडते, असं भाऊ सांगतो. ब्लीचचा कॅन ओतताना झाकण निसटलं आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. मॅनेजर म्हणाला, निष्काळजीपणा. ही म्हणाली, हातमोजे द्या, मग काळजी कशी घेतात ते दाखवते. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं. मग आम्हीही आत पाऊल टाकलं नाही.

आता आमच्या संघटनेचं सांगते. पाटी नाही, शिक्का नाही, अध्यक्ष तर नाहीच. कारखान्यातून सुटल्यावर घरीही इस्त्री करणाऱ्या आमच्यातल्याच मावशींच्या खोलीत भेटायचं, हातात दोन चुरगळलेले कपडे घेऊन जायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं इस्त्रीला आल्या. हे चोरासारखं वागणं उगाच नव्हतं. मागे एक बाई आली होती. कापडी पिशवी, झिजलेल्या चपला, जिभेवर साखर. म्हणाली, मी कामकरी बायकांचा अभ्यास करते. आम्ही भोळ्या सांब! चहा पाजला, कुठे भेटतो, पुढे कोण असतं, सगळं घडाघडा सांगितलं. त्याच आठवड्यात दोघींना घरी बसवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. त्या दिवसापासून नियम झाला: अनोळखी माणसाने विचारलं की एकच उत्तर द्यायचं, इथे संघटना नाही. नियम मीच केला आणि पाढ्यांसारखा सगळ्यांकडून घोकून घेतला.

गुरुवारी आम्ही मावशींकडे बसलो होतो, तेवढ्यात टकळी धापा टाकत आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

“ताई, आज एका हेराला पिटाळलं! तश्शीच पिशवी, तश्शाच चपला. मला म्हणते, धुलाईवाल्या बायकांची संघटना कुठे भेटते हो? मी म्हटलं, संघटना? ती काय, खायची असते की ल्यायची?”

“मग?” मावशींनी इस्त्री उभी ठेवली.

“मग काय! जात नव्हती ना. दुकानात विचारलं, नळावर विचारलं, जिन्यात विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी मीच म्हटलं, अहो, पुलापलीकडे असेल काहीतरी, तिकडे बघा. गेली की उन्हातान्हात तंगड्या तोडत!”

खोलीभर हशा पिकला. मावशींनी तिची पाठ थोपटली. मीही म्हटलं, शाब्बास गं माझे बाई, बोलता बोलता गप्प राहायला शिकलीस.

संध्याकाळी मोबाइल वाजला. निधीवाल्यांचा निरोप होता. ‘आमच्या प्रतिनिधीने आज प्रत्यक्ष पाहणी केली. नमूद पत्त्यावर अशी कोणतीही संघटना अस्तित्वात नसल्याचे आढळले. सबब अर्ज बंद करण्यात येत आहे.’

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्हाला वाटलं होतं, पैसेवाला येईल तो गाडीतून येईल, गळ्यात ओळखपत्र घालून येईल, आधी फोन तरी करेल. झिजलेल्या चपला घालून पैसा चालत येतो, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का?

त्यात मोबाइलवर मॅनेजरचाही सांगावा आला. शनिवारी सकाळी गेटवर टेबल मांडतो, कागदावर सही करा आणि कामाला लागा. सगळ्यांना घेतो. फक्त ती हात भाजलेली नको.

टकळी माझ्या खांद्यावरून दोन्ही निरोप वाचत होती. मोबाइल उलटा ठेवून म्हणाली, “मीच घालवलं गं ताई. आपलेच दात, आपलेच ओठ. परवा सगळ्यांना सही करू दे. माझ्या एका हातापायी एवढ्या पोटांना चिमटा कशाला?”

“गप्प बस,” मी खेकसले. “एरवी सांगून गप्प बसत नाहीस. आता तरी बस.”

रागावले तिच्यावर, पण भीती माझीच होती. हिला बाहेर ठेवून मी आत गेले, तर रोज संध्याकाळी घरी कुठल्या तोंडाने येणार होते?

शुक्रवारी निधीवाल्यांचं ऑफिस गाठलं. काचेचा दरवाजा, आत गारेगार. टकळीने पिटाळलेली ती मुलगी समोरच बसली होती, कापडी पिशवी मांडीवर. टाचांना पट्ट्या लावलेल्या. पुलापलीकडचा प्रसाद! मला वाईट वाटलं, पण तोंड काही आवरलं नाही.

“संघटना नाही असं तुम्ही लिहिलंत?”

“ताई, मी अख्ख्या गल्लीत विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मी दुसरं काय लिहिणार?”

“सगळ्यांनी एकच सांगितलं ना? घरातलं पीठ संपत आलं, काम नाही, आणि अख्ख्या गल्लीत एकीचीही जीभ घसरली नाही. अहो, मग संघटना म्हणतात तरी कशाला? पाटीला? शिक्क्याला? माझ्या सख्ख्या भावंडांना एक गोष्ट सांगा, तीन तऱ्हेने तुमच्याकडे परत येईल!”

ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “मला पटतंय. पण समितीला नाही पटणार. कुणीतरी उघडपणे म्हणायला हवं की आम्ही आहोत. समिती उद्या दुपारी बसते. त्याआधी मला डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, तर मी अर्ज पुन्हा उघडायला सांगेन. मिळेलच असं नाही सांगत.”

“उघडपणे म्हटलं की नोकरी जाते, बाळा. तुमची नाही, आमची.”

“मग काय करू?”

“उद्या सकाळी गेटवर या. दिसेल ते लिहा. आणि चपला बदलून या.”

त्या संध्याकाळी मावशींच्या खोलीत मी काहीच लपवलं नाही. पैसे आलेले नाहीत, येतील याचा भरवसा नाही, जिने तिने आपलं बघावं. पिटाळलेला हेर म्हणजे निधीवाल्यांचीच मुलगी होती, हे टकळीने स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाली, माझ्यासाठी थांबू नका. जुळ्यांची आई सगळ्यांत आधी उठली. तिच्या घरी कमावणारी ती एकटी, खाणारी तोंडं पाच. चुरगळलेले कपडे तसेच काखोटीला मारून ती निघून गेली. तिला दोष कोण देणार? मी तरी दिला नाही.

शनिवारी गेटबाहेर ट्रक उभे होते, मळक्या चादरींनी ठासून भरलेले. वास असा की नाकाला पदर लावावा. मॅनेजरच्या कपाळावर सकाळीच घाम, पण आव सगळा जावयाचा. टेबल मांडलेलं, कागद मांडलेले. आणि रांगेत पहिली कोण? जुळ्यांची आई. पहिलीने सही केली की मागच्या आपोआप करतात, गाठ सुटायला एक टोक पुरतं. टकळी रांगेबाहेर भिंतीला टेकून उभी होती, हात पट्टीत गुंडाळलेला, नजर जमिनीकडे.

तेवढ्यात ती मुलगी आली. मॅनेजरने तिला वरखाली न्याहाळलं. “कोण तुम्ही?”

“धुलाईवाल्या बायकांची संघटना बघायला आलेय.”

मॅनेजर खो खो हसला. “संघटना? इथे संघटनाबिंघटना काही नाही. यांनाच विचारा की!” आणि पेन जुळ्यांच्या आईपुढे धरून म्हणाला, “काय गं, आहे का इथे संघटना?”

सगळ्या चिडीचूप. मीच घोकून घेतलेला धडा, असा छान पाठ झाला होता! मुलगी माझ्याकडे बघत होती. टकळीने तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच दटावलं. ती कारखान्यातली उरलीच नव्हती, तिच्या बोलण्याला मॅनेजरने भीकसुद्धा घातली नसती. बोलायचं तर मी बोलायला हवं होतं. आणि मी, जी ऑफिसात एवढी तडतडले, ती पदराचं टोक पिळत उभी राहिले.

“आहे,” जुळ्यांची आई म्हणाली.

“काय?”

“आहे म्हटलं. कानात बोळे घातलेत का?” तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “मी आहे तिच्यात. ती भिंतीपाशी उभी आहे, तीसुद्धा आहे. तिचा कागद कुठाय? आधी तिचा काढा, मग माझी सही.”

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. मावशी रांगेतून बाहेर पडल्या आणि कंबरेवर हात ठेवून टकळीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे दुसरी, मग तिसरी. माझे पाय कधी हलले मला कळलंही नाही. आवाज निघाला तो असा की ट्रकवाले खाली उतरून बघायला लागले. “मुली, लिही!” मी ओरडले. “सगळं लिही! इथे संघटना आहे!”

“सही नाही तर कुणालाच काम नाही!” मॅनेजर टेबलावर हात आपटून म्हणाला. “चला, सगळ्या घरी!”

जुळ्यांच्या आईने पेनाला टोपण लावलं आणि ते नीट कागदावर ठेवलं.

“मग चादरी तुम्हीच धुवा, साहेब. ब्लीच आत डाव्या हाताला आहे. हातमोजे मात्र नाहीत.”

ट्रकवाल्यांपैकी कुणीतरी मोठ्याने हसलं. मॅनेजर हसला नाही. मुलगी टेबलाच्याच कोपऱ्यावर कागद ठेवून भराभर लिहीत होती, आणि तो तिला हटकायचंही विसरला.

मी भिंतीपाशी पोचले तेव्हा टकळी ढसाढसा रडत होती. माझा दंड चांगल्या हाताने घट्ट धरून म्हणाली, “ताई, तरीही पैसे नाही आले तर?”

“नाही आले तर उपाशी भांडू,” मी म्हटलं. “तुला बाहेर ठेवून पोटभर जेवणारं इथे कुणी नाही.”