पिवळ्या लेबलाखालचा चौथा अल्बम

मला वाचता यायला लागलं ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. त्यानंतर नऊ वर्षं मी रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचते आणि माझी नणंद तो ऐकते, म्हणजे मध्ये मध्ये बोलते. त्या गुरुवारी वाचता वाचता मी कप बशीत ठेवायचा तो हवेतच सोडला.

"गेला! सहातला चौथा," नणंद म्हणाली. "वहिनी, तुझं लक्ष कुठाय?"

"वन्सं, गप्प बसा आणि ऐका."

बातमी बेसवाल्याची होती. जॅझ-फंक वाजवणारा हा माणूस, म्हणजे जॅझचं डोकं आणि फंकचे पाय. बेस गिटार हे वाद्य बाकीच्यांच्या मागे उभं राहून ढम् ढम् करणारं, पण यानं ते पुढे आणून बसवलं. त्याचे एकूण पाच अल्बम. आता त्याची मुलगी ते सगळे एका पेटीत घालून पुन्हा काढत होती, आणि सोमवारी काम कारखान्यात जाणार होतं. पण पेटीत चारच अल्बम असणार होते. चौथा कुठेच मिळत नव्हता. कंपनीने त्याच्या मूळ टेपवर दुसरंच काहीतरी भरलं होतं, आणि दुकानांत चौथा म्हणून जे आलं ती निघाली कवायतीची रेकॉर्ड. 'हात वर, हात खाली.' बेसवाल्याने मुलाखतीत म्हटलं होतं, "बाकीचे नसते तरी चाललं असतं. चौथ्यात माझा धाकटा भाऊ ड्रम वाजवतो. तो त्याच वर्षी गेला. त्याचं दुसरं काहीच माझ्याकडे नाही." खाली मुलीचा फोन नंबर होता.

"अरेरे," नणंद म्हणाली. "कुणी केला असेल हा गाढवपणा?"

"मी," मी म्हणाले.

चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मी रेकॉर्डच्या कारखान्यात होते. तबकडीचं लेबल नंतर चिकटवत नाहीत. खाली एक लेबल, मध्ये प्लॅस्टिकचा तापलेला काळा गोळा, वर दुसरं लेबल, मग वाफेचं मशीन दाबलं की तिन्ही एकजीव. ते लेबल पुन्हा निघत नाही. सकाळी मशीनांवर लेबलांचे गठ्ठे चढवायचं काम माझं. वाचता येत नाही हे मी लपवलं होतं, आणि ते लपून राहिलं, कारण प्रत्येक कामाला वेगळा रंग असे. लाल या मशीनला, हिरवं त्या मशीनला. त्या आठवड्यात लाल कागद संपला. बेसवाल्याचा चौथा अल्बम आणि शाळांसाठी कवायतीची रेकॉर्ड, दोन्हींची लेबलं पिवळ्यावर छापून आली. मुकादम म्हणाले, "बघून लाव गं." मी बघून लावली. मला दोन्ही सारखीच दिसली. तपासणारी बाई रजेवर होती. माल परत आला तेव्हा सगळ्यांनी छापखान्याला शिव्या घातल्या, आणि मी मान खाली घालून डबा खाल्ला. दुकानांतून आलेलं सगळं वितळवलं.

नणंदेने आपला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढते.

"म्हणजे," ती म्हणाली, "कवायतीच्या लेबलाखाली तो बेसवाला शाळांमध्ये गेला?"

"गेला असणार."

"अगं बाई! आमच्याच शाळेत!"

नणंद एकतीस वर्षं एका शाळेत शिपाई होती. ती उभीच राहिली. "मी स्वतः लावली होती ती! पोरं ओळीत उभी, मी सुई ठेवली, आणि हात वर म्हणायच्या ऐवजी आतून ढम्, ढम्, टक्! पहिली ओळ नाचायला लागली. मग सगळं मैदान. हेडमास्तर चप्पल हातात घेऊन धावत आले. मला म्हणाले, फोडून टाका ती तबकडी."

"मग?"

"मग काय? मला तेवढंच काम होतं का? ठेवली कोठीत."

मी चप्पल शोधायला लागले. "वहिनी, काचा तरी उचल," ती म्हणाली, पण तीही पायात वहाणा सरकवत होती.

कोठीची किल्ली आताच्या शिपायाकडे होती. तो नणंदेच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे त्याने विचारलं काहीच नाही, नुसतं "या बाई" म्हणाला आणि दार उघडलं. आत मोडके बाक, फाटके नकाशे, फुटबॉलची कातडी. खोका सर्वांत खाली. उघडला आणि मी मोजल्या. एकवीस तबकड्या. एकवीसही पिवळ्या.

"बदली म्हणून खऱ्या आल्या ना नंतर," नणंद म्हणाली. "शेजारची शाळा बंद पडली, त्यांच्याही इथेच टाकल्या. आता?"

लेबलं मी वाचली. चाळीस वर्षांपूर्वी वाचता आली असती तर केवढं भलं झालं असतं. आता त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, सगळ्यांवर कवायतच लिहिलेली. शाळेचा रेकॉर्ड प्लेयर केव्हाच भंगारात गेला होता.

मी पहिली तबकडी घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात तिरकी धरली.

"काय करतेस?"

"वाचतेय."

कारखान्यात आम्ही असंच बघायचो. नुसत्या बोलण्याची रेघ बारीक, दाट, केस विंचरल्यासारखी, आणि दर वाक्यानंतर गुळगुळीत. खर्जातला आवाज असला की रेघांना जागा जास्त लागते. त्या एकमेकींपासून लांब पडतात आणि नागमोडी चालतात. बेसवाल्याचे सगळे अल्बम माझ्या मशीनवरून गेले होते. पहिला साधा, भिऊन वाजवल्यासारखा. दुसऱ्यात तो अंगठ्याने तार ठोकायला शिकला होता, तिथे रेघेला एकदम बाक येई. तिसरा संथ. पाचवा, भाऊ गेल्यानंतरचा, दुसऱ्या कंपनीचा पण आमच्याच कारखान्यात निघालेला, त्यात ड्रम नव्हतेच.

एक, कवायत. दोन, कवायत. सात, आठ, नऊ. नणंद धुळीने शिंकत मला एकेक देत होती. चौदावी काढताना म्हणाली, "ही फुटलीय." मी डोळे मिटले. पण ती कवायत होती. सतरावी खिडकीशी नेली. रेघा ऐसपैस, आणि सगळीकडून वळवळत होत्या.

"वन्सं, हीच!"

"नक्की?"

"माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही?"

"तुझ्या हातचं काम ओळखता आलं असतं तर आपण इथे असतो का?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई पाणी घेऊन आला.

पेपरातल्या नंबरावर फोन करून पत्ता घेतला, आणि दुपारी बेसवाल्याच्या मुलीने दार उघडलं. आत तो खुर्चीत बसला होता, उंच, वाळलेला, बोटं सुजलेली. मी तबकडी तिच्या हातात दिली, पण बसले नाही. आधी सगळं सांगितलं. मशीन, पिवळा कागद, माझी लबाडी.

तो म्हणाला, "मला वाटायचं कंपनीने मुद्दाम केलं. मी त्यांच्याशी भांडलो, करार तोडला. चाळीस वर्षं त्या लोकांना शिव्या देतोय."

"त्या माझ्या होत्या," मी म्हणाले. "आता द्या."

"आधी ऐकू द्या."

मुलीने तबकडी पुसली, सुई ठेवली. खरखर. खरखर. चुकीची निघाली तर? मग एका तरुण पोराचा आवाज आला, हसू दाबलेला: "एक, दोन, ए दादा, तयार आहेस ना?" आणि ड्रम सुटले. त्यांच्या मागून बेस असा आला की टेबलावरचे चमचे वाजायला लागले. नणंदेचा पाय हलत होता. मुलगी तोंडावर हात धरून उभी होती, तिने काकाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

बेसवाला खुर्चीत पुढे सरकला. सुजलेली बोटं मांडीवर ठोकायला लागली. ड्रम वेग घेत होते, बेसला मागे टाकत होते, आणि म्हातारा एकदम ओरडला, "अरे, पळतोस कुठे! हजारदा सांगितलं, माझ्यासाठी थांब! गधड्या, थांब की!"

आणि मुलीकडे वळून म्हणाला, "आवाज वाढव."