मिठात बूट

आईने केतनला एकच अट घातली होती. जागा डोळ्यांनी बघीन, मगच सही. आमच्या बापाने जासईचं मिठागर कचेरीत बसून सरकारला दिलं होतं. कागदावर किती गेलं ते न बघता अंगठा. घरी आला तेव्हा बांधावर चुन्याच्या रेघा. आता उरलाय तो एक प्लॉट, त्यावर आईचं घर. ते विकून माझ्या भावाला बालीत व्हिला बांधायचाय. माझी संमती मी वाशीतच सही करून दिली होती. गाढव मी.

तर आम्ही बालीच्या पूर्व टोकाला, ज्वालामुखीच्या पायथ्याच्या एका गावात. वाळू काळी, तव्यासारखी तापलेली. डोंगराचं तोंड ढगात. रस्त्याला दर चार घरांमागे ‘विकणे आहे’ची पाटी, आमच्या उरण रोडसारखीच.

आणि जागा कसली, तर मिठाची. नारळाची खोडं चिरून केलेल्या पन्हाळी ओळीने मांडलेल्या, त्यांत मीठ धरत होतं. बाजूला मातीचा वाफा, फळीने नुकताच सारखा केलेला. एक म्हातारी त्यावर खारं पाणी शिंपत होती.

आई थबकली. “आपलाच धंदा हाय गो बाय.”

“मावशी, टेन्शन नको,” एजंट पार्थ म्हणाला. वाशीचाच, गॉगल कपाळावर. “ही बाई दिवाळीपर्यंत उठते. मालकाशी बोलणं झालंय.”

“उठते म्हंजे? जाते कुठं?”

“ते त्यांचं ते बघतील ना.”

केतन ऐकतच नव्हता. “आये, इथं स्विमिंग पूल!” म्हणत तो सरळ वाफ्यात शिरला. बुटांसकट. मिठागरवाल्याचा नातू! आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मिठात पायताण नेत नाहीत.

म्हातारीने बादली ठेवली, फळी उचलली आणि त्याच्या बुटांचे ठसे पुसायला लागली. हा पुढे चालतोय, ती मागून पुसतेय. माझं डोकं फिरलं.

आईने चपला काढल्या. “केतन, भायेर ये.”

“आये, माती आहे नुसती.”

“तुझा आजा असता तर हीच फळी पाठीत घातली असती. बूट काड आनि पूस ते.”

केतन हसला. आणि तेही पार्थकडे बघून. “इमोशनल झाली रे.”

आई उकिडवी बसली, हातानेच ठसे सपाट करू लागली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून जागा दिली.

गाडीपाशी केतनने फाइल पुढे केली. आईचे हात चिखलाने भरलेले.

“बगितली जागा,” ती म्हणाली. “जासईत चुना मारताना बगितला नि गप रायले. आता नाय. सही नाय करत.”

“मनस्वी, तू तरी समजाव हिला. तुझी तर झालीय.”

मी फाइल घेतली. माझं संमतिपत्र शोधलं आणि टराटरा फाडलं. तुकडे मुठीत धरून पर्समध्ये कोंबले. त्या बाईच्या वाळूत आमची आणखी घाण नको.