पलीकडून बंद

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका. दरवाजा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर पाटीबिटी लावलेला, बेल असलेला, ऐटबाज दरवाजा येत असेल. तो मी नव्हे. मी एका मोठ्या, महागड्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत उभा होतो. आल्या-गेल्याचं स्वागत करणं माझ्या नशिबात नव्हतं.

आणि मी एकटाही नव्हतो. सुताराने एकाच ओंडक्यातून आम्ही दोघे भाऊ कापले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि एकाच चौकटीत पाठीला पाठ लावून बसवले. मधे जेमतेम वीतभर फट. माझं तोंड एका खोलीकडे, त्याचं दुसरीकडे. ज्याची कडी त्याच्या तोंडाला. म्हणजे इकडच्याने इकडची काढायची, तिकडच्याने तिकडची, तेव्हा कुठे वाट मोकळी व्हायची. एकट्याने उघडलं तर समोर फक्त दुसऱ्याची पाठ. लोक एकदा ठोकून बघत, "पलीकडून बंद आहे" म्हणत आणि आपली कडी पुन्हा लावून टाकत. हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं की त्याचा मला वीट आला होता.

सुरुवातीला आमचा थाट होता. माझी पितळी कडी रोज घासली जाई. सफाईवाली मावशी मला तेल लावताना म्हणायची, "काय रे नवरदेवा, चमकतोयस!" मोठी कुटुंबं आली की आम्ही दोघे सताड उघडे, आणि पोरं या खोलीतून त्या खोलीत अशी धावायची की माझी बिजागरी हसून हसून करकरायची. पुढे माझा खालचा कोपरा जरा खचला. तेव्हापासून कडी सरळ निघेना की लागेना. मूठ धरून मला किंचित वर उचलायचं आणि गुडघ्याने चौकटीकडे रेटून धरायचं, मग ती सरके. ही युक्ती नीट जमली ती एकीलाच.

तिला मी थोरली म्हणतो, कारण तिच्या पाठची धाकटी पलीकडच्या खोलीत असायची. दोघींची घरं लांबलांबच्या शहरांत. वर्षातून एकदा सासर नाही, माहेर नाही, नुसत्या दोघी बहिणी इथे येऊन राहायच्या. दोन खोल्या अशासाठी की थोरली घोरायची. "तुझ्याबरोबर झोपण्यापेक्षा मी रेल्वे स्टेशनवर झोपेन," असं धाकटी तिला तोंडावर सांगायची. पण संध्याकाळी चहा आला की दोघी कड्या काढत, आमच्या मधल्या उंबऱ्यावर एकमेकींच्या पाठीला पाठ टेकून बसत आणि दोन्ही खोल्यांत पाय पसरून गप्पा मारत. थोरली थोडी जास्तच रेलायची. धाकटी ओरडायची, "ताई, ढकलू नकोस गं, चहा सांडेल!" आम्ही भाऊही तसेच पाठीला पाठ लावून घडलेले, म्हणून त्या दोघी मला आमच्यातल्याच वाटायच्या.

मग एका वर्षी भांडण झालं. आदल्या हिवाळ्यात त्यांची आई आजारी पडून गेली होती. धाकटीला तेव्हा दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचीसुद्धा मनाई केली होती. थोरलीने तिला आईचं दुखणं कळवलंच नाही. कळवलं ते सगळं आटोपल्यावर. पुढे धाकटीला मुलगी झाली, सुखरूप झाली, पण मनात बसलेलं काही निघालं नाही. त्या वर्षी तान्हं लेकरू सासूकडे ठेवून ती इथे आली ती भरलेलीच.

"माझी आई होती ती! मी यायचं की नाही, हे ठरवणारी तू कोण?"

"अगं बबडे, तू उठली असतीस. धावत आली असतीस. मग तुझं काय झालं असतं?"

"झालं असतं ते माझं झालं असतं!"

तिने धाडकन माझ्या भावाला लोटलं आणि कडी घातली. थोरलीने माझी कडी लावली नाही. ती भावाच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ म्हणत राहिली, "बबडे, कडी काढ ना. एवढा राग?" पलीकडून हूं नाही की चूं नाही. सकाळी धाकटी निघून गेली, ती परत आलीच नाही.

थोरली मात्र दर वर्षी आली, एकटीच. संध्याकाळी चहा आला की गुडघ्याने मला रेटायची, कडी काढायची, मला उघडायची आणि समोरच्या बंद पाठीला पाठ टेकून बसायची. एकदा वेटर म्हणाला, "बाईसाहेब, पलीकडे कुणी उतरलेलं नाही, मी तिकडून उघडून देतो." ती म्हणाली, "नको. जिची कडी तिने काढावी." मग तिचे केस पांढरे झाले, मग हातात काठी आली, आणि मग तीही यायची थांबली.

त्यानंतर माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्यासमोर कपाट आलं, कडी काळी पडली. आणि एके दिवशी हॉटेलचं नूतनीकरण निघालं.

मित्रांनो, श्रीमंत हॉटेलाची दुरुस्ती म्हणजे मोठं अजब प्रकरण असतं. खाली पाहुणे गालिच्यावरून चालत असतात, फुलांचे गुच्छ ताजे असतात, कान बंद करायला मखमली डबीत कापसाचे बोळे ठेवलेले असतात, आणि एका पडद्यापलीकडे भिंतींची हाडं उघडी पडलेली असतात. आमच्या मजल्याचा अर्धा भाग प्लास्टिकच्या पडद्यांनी तोडला. पडदे वारा नसतानाही आत-बाहेर व्हायचे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे. झुंबरांना पिशव्या घातल्या. माझ्या खोलीतलं कपाट गेलं, पलंग गेला, खिडक्या गेल्या. शेवटी जमीनही गेली. खालच्या मजल्याशी जोडून तिथे उंच छताचं भोजनगृह व्हायचं होतं. आता माझ्या पायाशी उंबरा आणि त्याच्यापुढे पोकळी. खाली सळ्या, विटांचे ढीग, चुन्याच्या गोण्या.

काम करणारा मिस्त्री तसा चोख माणूस. पण त्याने माझी पितळी कडी आणि मूठ काढून नेली, घासून दुसरीकडे लावायला. त्याला वाटलं, दार पाहुण्यांच्या खोलीच्या बाजूने बंद असणार. आणि हॉटेलच्या मॅनेजरला वाटलं, दार पलीकडून बंद आहे, कायमच असतं. दोघांनीही हात लावून बघितलं नाही. उद्या-परवा विटा रचून भिंत होणारच होती.

त्याच दिवसांत ते सुरू झालं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबत. पाहुण्यांना तेवढीच विश्रांती. ती शांतता फार जड असायची. त्या शांततेत मला पावलं ऐकू येऊ लागली. जिथे पलंग होता तिथून निघून माझ्यापर्यंत येणारी, मधे काठीची टकटक. मी दरवाजा आहे, उंबऱ्याशी आलेलं माणूस मला कळतं. पण ज्यावर पाऊल पडावं ती जमीनच तिथे नव्हती. पावलं माझ्याशी येऊन थांबत. मग माझ्या खालच्या अंगाला गुडघा टेके, हलकेच. मूठ नव्हती, तरी मी केसभर वर उचलला जाई. माझी बिजागरी गार पडे.

एकदा मिस्त्री बांबूच्या परांचीवर बसून डबा खात होता. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या दाराला कोण पुसतंय रे?" तो जोडीदाराला म्हणाला. "सगळीकडे बोटभर धूळ, आणि हा एवढा गोल बघ, चकचकीत. गुडघ्याच्या उंचीवर." जोडीदार हसला. मिस्त्री हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो डबा खायला खाली जाऊ लागला.

आणि मग पलीकडच्या खोलीत आवाज आला. इतक्या वर्षांनी, म्हातारा झालेला, पण मी लगेच ओळखला.

"हीच खोली हवी होती मला. आवाज होऊ दे, धूळ येऊ दे."

"बाईसाहेब, गैरसोय होईल. शेजारी काम चालू आहे," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला.

"आणि ते दार?"

"ते पलीकडून बंद आहे."

तो गेल्यावर दुसरा, तरुण आवाज आला. तिची मुलगी. "आई, मावशी गेली आता. त्या दारातून तुला काय मिळणार आहे?"

"ती वर्षानुवर्षं यायची गं इथे. मला परवा तुझ्या मावसभावाने सांगितलं. एकटीच यायची, आणि माझ्याकडची कडी बंद. उद्या भिंत घालतायत. एकदा तिच्या खोलीत जाऊन बसू दे मला. माफी मागायची राहिली आहे."

मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. पण दरवाजाला तोंड असतं ते नुसतं म्हणायला.

दुसऱ्या दिवशी यंत्रं थांबली. दार तिकडून उघडून मिळेल का, हे मॅनेजरला विचारायला मुलगी खाली गेली होती. धाकटीने तेवढा धीर धरला नाही. माझ्या भावाची कडी कुरकुरली. इतक्या वर्षांनी आमच्यामधल्या फटीत उजेड आला. तिचा हात माझ्या पाठीवर टेकला. आणि तिने मला ढकललं.

मला धरून ठेवायला काहीच नव्हतं. कडी नव्हती, मूठ नव्हती, समोर नुसती हवा. मी उघडायलाच हवा होतो.

मी उघडलो नाही.

गुडघा माझ्या अंगाला घट्ट टेकला होता. या वेळी हलकेच नाही. त्याच्या वरच्या बाजूला दोन तळहात आले, थंडगार, मग खांदा. कुणीतरी जीव खाऊन मला चौकटीत दाबत होतं, पायाखाली काही नसताना.

"ताई," धाकटी म्हणाली. "उघड ना. एवढा राग?"

तिने खांदा लावला. मूठ आपटली. पलीकडचा भार तसूभर हलला नाही. ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक ओढत. "बरोबर आहे तुझं. मी नाही उघडलं, तू कशाला उघडशील." मग ती वळली, उंबऱ्यावर बसली आणि माझ्या पाठीला पाठ टेकून सगळा भार तिने माझ्यावर टाकला. पलीकडचा खांदा निघाला. त्याच्या जागी पाठ आली. तशीच, थोडी जास्तच रेलणारी.

धाकटी बोलत राहिली. आईबद्दल, लेकीबद्दल, किती वेळा फोन उचलून ठेवून दिला त्याबद्दल. मधेच थांबून म्हणाली, "ताई, ढकलू नकोस ना गं." तिच्या मानेवर काटा आलेला मला जाणवला.

तेवढ्यात मुलगी आणि मॅनेजर खोलीत आले. त्याच वेळी पोकळीच्या दुसऱ्या टोकाला परांचीवर मिस्त्री चढला. त्याने मला पाहिलं, फटीतून दिसणारं लुगड्याचं टोक पाहिलं. मग तो किंचाळला, "बाई, हलू नका! दाराला कडी नाही! खाली काही नाही!"

मॅनेजर पांढराफटक पडला. मुलीने आईला दोन्ही बगलांतून धरून मागे खेचलं. दोघी गालिच्यावर पडल्या.

आणि तेव्हा पलीकडची पाठ निघाली. मी आपोआप उघडलो, अगदी सावकाश, कुणी पाहुण्याला आत घ्यावं तसा. धाकटीने पाहिलं. खोली नव्हती, जमीन नव्हती. उजेडात चुन्याची धूळ तरंगत होती आणि खूप खाली सळ्या उभ्या होत्या.

"लाकूड फुगलं असेल," मॅनेजर पुटपुटला. मिस्त्रीने लांबून बांबूचं टोक मला लावलं. मी पिसासारखा हललो. त्याने बांबू खाली ठेवला आणि हात जोडले.

धाकटी लेकीचा हात घट्ट धरून बसली होती. ती त्या रिकाम्या हवेकडे बघून म्हणाली, "तेव्हाही असंच धरलं होतंस ना, ताई? मी पडू नये म्हणून. आणि मी ह्या पोरीला कुशीत घेऊन तुझ्यावर रागावले."

मित्रांनो, माझा भाऊ तिथेच राहिला. त्याच्या पाठीला आता विटा आहेत. मला धाकटीने मागून घेतलं. मॅनेजरने आनंदाने दिलं, त्याला मी नजरेसमोर नकोच होतो. आता मी तिच्या घरी, तिच्या आणि लेकीच्या खोलीच्या मधे उभा आहे. सुताराने विचारलं, "कडी कुठल्या बाजूने लावू?" ती म्हणाली, "कुठल्याच नको."

मायलेकींचं अजूनही वाजतं. परवा लेकीने रागाने मला धाडकन लावलं आणि दोघी आपापल्या खोलीत फुगून बसल्या. दुपार होती, घर शांत होतं. मग काठीची टकटक आली. माझ्या खालच्या अंगाला गुडघा टेकला आणि मी वीतभर उघडलो. दोघींपैकी कुणीही जागचं उठलं नव्हतं. फटीतून त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग आईने विचारलं, "चहा टाकू?"

म्हणून सांगतो, आमच्या बिजागरीला वर्षातून एकदा तेल घालत जा, तेवढ्याने आम्ही खूश असतो. आणि समोर पलीकडून बंद असलेलं दार आलं, तर नुसतं ठोकून परत फिरू नका. आधी आपली कडी काढा आणि जरा वेळ पाठ टेकून बसा. पलीकडे कुणी नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं.