शिवलं ते शिवलं

एकेकाळी पॅरिसच्या कॉफीहाउसात हार्मेन ओल्डेबोम शिरला की लोक आपापले बुद्धिबळाचे डाव अर्धे टाकून त्याच्या टेबलाभोवती जमायचे. लंडनवाल्यांना त्याने पाणी पाजलं, बर्लिनच्या एका सरदाराला तर वजीर न घेता खेळून हरवलं. आता हॉलंडातल्या त्याच्या झ्वोले गावात कुणालाही विचारा, ‘तो म्हातारा ना? चांगला खेळायचा म्हणतात.’ म्हणतात काय, मेल्यांनो! तुमच्या निम्म्या गावाला घोडा कसा चालतो ते त्यानेच शिकवलं.

खेळ अजून शाबूत होता, डोळे मात्र गेले होते. उजव्यात धुकं, डाव्यात त्याहून दाट. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या मुलीला, गेस्येला. गावच्या बुद्धिबळ क्लबाचा ग्रोनिंगनच्या क्लबाशी सामना ठरला. पहिल्या पटावर, म्हणजे सगळ्यात तगड्या खेळाडूच्या जागी, कुणी बसायचं, यासाठी हार्मेन आणि तरुण वकील आड्रियान कोल्फ यांचा डाव लावला गेला. तेव्हा वाटाण्याचं सूप वाढता वाढता गेस्ये म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना सरळ. मानाने बाजूला व्हाल."

"मानाने म्हणजे शेगडीजवळची खुर्ची," हार्मेन म्हणाला. "येणारा-जाणारा पाठ थोपटणार आणि खेळायला कुणी बसणार नाही. मेल्यावर बसव मला तिथे."

रविवारी चर्च सुटलं आणि क्लब जिथे खेळायचा ते गावातलं कॉफीहाउस गच्च भरलं. या क्लबाचा एक जुना नियम होता. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. ती हलण्यासारखी नसेल तर दंड म्हणून राजा हलवायचा. तरुण मंडळी कुरकुरायची, पण नियम मोडू न देणारा हार्मेनच. बोटांनी विचार करू नका, असं त्याने भल्याभल्यांना सुनावलं होतं.

सुरुवातीच्या चाली हाताला पाठ होत्या. मग घोडा बाहेर काढायला त्याने हात घातला आणि बोटं पडली शेजारच्या हत्तीवर. कोपऱ्यातला हत्ती, पुढे आपलंच प्यादं, बाजूला आपलाच घोडा. जाणार कुठे तो?

कोल्फ वाईट माणूस नव्हता, हाच तर त्रास. हात घसरला असेल मास्तर, घ्या परत, असं तो हळूच म्हणाला. मागे कुणीतरी पुटपुटलं की म्हाताऱ्याला दिसत नाही वाटतं. हार्मेनचे कान तापले. चाल परत घेतली की शेगडीजवळची खुर्ची नक्की.

"शिवलं ते शिवलं," तो म्हणाला, आणि त्याने राजा एक घर पुढे सरकवला. राजाला हत्तीच्या आड लपवायचा किल्लेकोट कायमचा गेला, राजा उघड्यावर आला. लोकांनी च्यक च्यक केलं.

त्याने डोळे ताणून पटाकडे पाहिलं. तो काळा उंट की घोडा? डोक्यात एक पट होता, अगदी लख्ख. समोरचा नुसता चिखल. आणि इतके महिने लोकांना दाखवायला म्हणून तो चिखलातच बघत बसला होता. त्याला स्वतःचाच संताप आला. हा गाढवपणा कुणासाठी?

तो उठला, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"आड्रियान, तुझी चाल मोठ्याने सांग. माझी मी सांगेन, ती तूच हलव."

लोकांना वाटलं, म्हातारा जुना तमाशा दाखवतोय. पॅरिसला तो असाच पाठमोरा खेळायचा. हरण्याआधी हौस फेडून घेतोय, असं एक धान्याचा व्यापारी म्हणाला. हार्मेनने ते ऐकलं आणि पुढची चाल सांगितली.

कोल्फ हात धुऊन हार्मेनच्या राजाच्या मागे लागला. हार्मेनने एक प्यादं देऊन टाकलं, वजिरावर वजीर मारून घेतला, मग हत्तीवर हत्ती. पट रिकामा होत गेला. आणि त्या मोकळ्या पटावर, दंड म्हणून बाहेर निघालेला त्याचा राजा सगळ्यांच्या आधी मधोमध पोचला आणि प्यादी खात सुटला. कोल्फचा राजा अजून आपल्या कोटातच. शेवटी कोल्फने हार मानून तो आडवा केला. खोलीत एकच गलका झाला.

पावलं वाजली. ती हार्मेनच्या समोर येऊन थांबली, आणि हळूहळू सगळे गप्प झाले. कोल्फने हात पुढे केला असणार, हे त्याच्या लक्षात आलं. अंदाजाने हात पुढे करता आला असता; नेम लागला असता, नसताही. पुन्हा तेच सोंग? पुरे झालं.

"आड्रियान," सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "हात पुढे केला असशील तर तूच माझा हात धर. मला दिसत नाही. आणि ग्रोनिंगनवाल्यांना कळवून ठेव, पहिल्या पटावर मी पाठमोरा बसणार."

कोल्फने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. हो मास्तर, म्हणाला, पण हात सोडायचं काही त्याला सुचेना.