झडपेशेजारचं दार

हिनाबेनच्या बोर्डीतल्या नव्या बंगल्याचं सागवानी दार वेवजी गावच्या धाकल्या सुताराने तीन महिने खपून कोरलं होतं. वास्तुशांतीला पाहुणे ते दार ढकलून आत शिरले आणि थेट हॉलच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. तिथे आफ्रिकेतल्या डोगॉन लोकांच्या धान्यकोठाराची जुनी लाकडी झडप टांगली होती. तिच्यावर ओळीने माणसं कोरलेली. जो तो तिचेच फोटो काढत होता. धाकल्याचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी झडपेचा खिळा ढिला झाला, म्हणून हिनाबेनने त्यालाच बोलावलं. झडप हातात येताच तो तिच्यात खोट शोधू लागला. ती सापडलीही. कोरताना पटाशी घसरून एका माणसाच्या कोपराखालचं लाकूड उडालं होतं. पण कारागिराने तो हात छातीवर असा दुमडला होता, की चूक कुणाला दिसूच नये. आपल्याला हे सुचलं नसतं, हे धाकल्याला कळलं आणि तो आणखीच जळला.

"कोणी केलंय हे?"

"नाव कुणाला माहीत, धाकल्याभाऊ? डोगॉनचं म्हणूनच विकतात."

त्याने झडप नीट टांगली.

"ताई, दारावर माझं नाव घालू?"

"घाला की. खाली, कोपऱ्यात."

ती चहा करायला गेली. धाकल्याने दाराच्या मधोमध, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पटाशी लावली. ती परतली तेव्हा दोन अक्षरं झाली होती. कप त्याच्याजवळ ठेवून उरलेलं अक्षर होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.